गळू, केस्तूड आणि रांजणवाडी : एका जंतूची ओळख



मराठी भाषा एका बाबतीत फार श्रीमंत आहे, पण साहित्य संस्थेच्या व्यासपीठावरून त्या श्रीमंतीचा उल्लेख सहसा होत नाही. अंगावर कोठेही पू धरला तर त्या जागेपुरता वेगळा शब्द आपल्याकडे तयार असतो. केसाच्या मुळाशी दुखरा फोड आला तर केस्तूड. पापणीच्या कडेला आला तर रांजणवाडी. नखाच्या बाजूला ठसठसू लागले तर नखुर्डे. काखेत झाले तर काखमांजरी. खोल आणि मोठे झाले तर गळू. मधुमेही माणसाच्या मानेवर किंवा पाठीवर चार-पाच तोंडांनी फुटले तर काळपुळी. बाळंतिणीच्या बाबतीत 'थान पिकले' म्हणायचे. माझी आजी परभणीकडची. हे सगळे शब्द ती रोजच्या बोलण्यात वापरी आणि प्रत्येकाचा उपचारही तिच्यापाशी वेगळा असे.

गंमत अशी की या सगळ्या नावांमागे बहुतेक वेळा एकच जंतू असतो. त्याचे नाव स्टॅफिलोकोकस ऑरियस. डॉक्टर मंडळी त्याला नुसते 'स्टॅफ' म्हणतात, मीही तेच म्हणेन. उन्हाळा लागला की माझ्या दवाखान्यात रोज एखादा तरी माणूस या जंतूची एखादी करामत घेऊन येतो आणि ठरलेले दोन प्रश्न विचारतो. "डॉक्टरसाहेब, तुमच्या गोळ्यांनी जाईल ना? कापावे तर लागणार नाही?" आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या दोन प्रश्नांचे जरा लांबलेले उत्तर आहे.

हा जंतू सापडला तो स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीन गावी. अलेक्झांडर ऑग्स्टन नावाच्या शल्यविशारदाने १८८० च्या सुमारास गळवातला पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यात गोल गोल कणांचे झुबके दिसले. त्या काळी जखमेत पू होणे हे ती भरून येण्याचे लक्षण मानणारेही पुष्कळ होते. पुवामागे जिवंत जंतू आहे हे ऑग्स्टनने प्रयोगाने दाखवले आणि १८८२ साली त्याला नाव दिले. ग्रीक भाषेत 'स्टॅफिली' म्हणजे द्राक्षांचा घड. आपल्या हैदराबादच्या अनाबशाही द्राक्षांचा घड डोळ्यांपुढे आणा, आणि त्यातला एकेक मणी इतका लहान करा की एका मिलिमीटरच्या लांबीत असे हजार मणी मावतील. पुढे १८८४ साली रोझेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिले की प्रयोगशाळेत वाढवल्यावर या जंतूचे ठिपके सोनेरी दिसतात. म्हणून 'ऑरियस', सोनेरी. नाव इतके राजस, आणि धंदा पुवाचा!

हा जंतू बाहेरून कोठून तरी येतो अशी आपली समजूत असते. खरे म्हणजे तो आपल्या घरातच राहतो, आणि घरात म्हणजे नाकात. नाकपुडीच्या अगदी पुढच्या भागात, जेथे बोट सहज पोहोचते, तेथे त्याचे मुख्य ठाणे. दर दहा धडधाकट माणसांत दोन-तीन जणांच्या नाकात तो कायम मुक्कामाला असतो आणि आणखी काही जणांकडे येऊन-जाऊन असतो. आज या सभागृहात शंभर मंडळी बसली असतील, तर वीस-तीस जण त्याला बरोबर घेऊन आले आहेत. त्यांना काही झालेले नाही. नाकात तो बसून असतो एवढेच. नाकातून बोटाला, बोटावरून कातडीला आणि कातडीला बारीकशी चीर असली की आत, असा त्याचा प्रवास. दाढी करताना झालेली खरचट, खाजवून निघालेली साल, घामोळे, डास चावल्याची जागा, नवीन टोचलेले नाक-कान, सलाईनची सुई, यांतले कोणतेही दार त्याला पुरते.

आत गेल्यावर काय होते ते नीट समजून घ्यावे, कारण सगळा उपचार त्यावरच उभा आहे. जंतू आत आला की शरीर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धाडते. त्या जंतू गिळतात आणि स्वतःही मरतात. मेलेल्या पेशी, मेलेले-जिवंत जंतू आणि विरघळलेले मांस यांचा लगदा म्हणजे पू. पण स्टॅफला एक युक्ती येते. तो रक्तद्रव गोठवणारा पदार्थ तयार करतो आणि आपल्याभोवती एक भिंत उभी करून घेतो. शरीरही दुसऱ्या बाजूने कुंपण घालते. दोघांच्या बांधकामातून गळवाची कडक पिशवी तयार होते. त्या पिशवीच्या आत रक्तवाहिन्या नसतात, आणि आपण गिळलेले औषध तर रक्तातूनच जाते! म्हणून पिकलेल्या गळवावर गोळ्यांचा, मग त्या कोणत्याही पद्धतीच्या असोत, फारसा इलाज चालत नाही. पू बाहेर पडणे हाच त्याचा मुख्य उपचार आहे. सुश्रुताने गळवाची कच्ची, पिकत आलेली आणि पिकलेली अवस्था ओळखून मगच शस्त्र चालवायला सांगितले आहे. ते आजही तसेच आहे.

आता आपल्या समजुतींविषयी थोडेसे. 'उष्णता झाली', 'रक्त बिघडले', 'आंबे फार खाल्ले' ही कारणे मी रोज ऐकतो. आंब्याची बाजू मला घ्यावीशी वाटते, कारण तो बिचारा विनाकारण बदनाम आहे. हैदराबादेत एप्रिल-मेमध्ये आंबा येतो, त्याच दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो, घाम येतो, घामोळे येते, माणूस खाजवतो आणि नखाखालचा जंतू आत जातो. आंबा आणि गळू एकाच महिन्यात येतात, एवढेच त्यांचे नाते. मात्र मधुमेह्याने कोयीपर्यंत आंबे चोखले आणि साखर वाढली तर गोष्ट निराळी. रक्तात साखर वाढली की पांढऱ्या पेशी मंदावतात. प्रमेहाच्या रोग्याला होणाऱ्या फोडांना आपल्या जुन्या वैद्यकात 'प्रमेहपिडिका' असे नावच आहे. ज्याला वर्षात दोन-तीनदा गळू होते त्याने आधी साखर तपासून घ्यावी. गळवाने मधुमेहाचा पहिला पत्ता दिला, असे मी कितीदा पाहिले आहे.

आजीच्या उपचारांतला शेक मात्र शंभर टक्के बरोबर होता. अळशीचे किंवा कणकेचे गरम पोटीस म्हणजे दुसरे काही नाही, ओला शेक. स्वच्छ फडके सोसवेल इतक्या गरम पाण्यात पिळून दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा ठेवावे. त्या भागाकडे रक्त वाढते, दुखणे कमी होते, आणि लहान केस्तूड असेल तर आठ-दहा दिवसांत आपोआप तोंड पडून वाहून जाते. पू आला की गॉजने झाकावे, ते गॉज बंद पिशवीत टाकावे, हात साबणाने धुवावेत. नखुर्ड्याला बोटावर लिंबू बसवण्याची रीत अजून आहे. त्याने थंड वाटते, आतल्या पुवाला काही होत नाही. हळद लावल्याने सहसा बिघडत नाही, पण गूळ-चुना, राख, टूथपेस्ट यांनी कातडी भाजते आणि जंतूला आणखी एक दार मिळते.

आणि दाबून पिळायचे नाही. पिळल्याने पू बाहेर जितका येतो तितकाच आत ढकलला जातो. नाक, वरचा ओठ आणि त्यांच्या आजूबाजूच्या त्रिकोणात तर कधीच नाही. या भागातल्या शिरांचा संबंध डोळ्यामागून मेंदूच्या तळाशी असलेल्या मोठ्या शिरांशी आहे. नाकावरची क्षुल्लक पुळी पिळली आणि दोन दिवसांत डोळा सुजून माणूस अत्यवस्थ झाला, असे विरळा पण खरोखर घडते. मुलींची नाके टोचल्यावर किंवा लग्नाच्या दिवशी जड नथ दिवसभर वागवल्यावर तेथे लाली आली तर मुगवट किंवा नथ काढून ठेवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. शकुन-अपशकुन नंतर पाहता येईल.

आता माझ्या शास्त्राविषयी. माझी पदवी बीएचएमएस. हैदराबादेला होमिओपॅथी नवखी नाही. सरोजिनीबाई नायडूंचे चिरंजीव डॉ. जयसूर्य होमिओपॅथ होते आणि इथल्या सरकारी होमिओपॅथी महाविद्यालयाच्या नावात त्यांचे नाव आहे. आमच्या ग्रंथांत गळवासाठी बेलाडोना, हिपर सल्फ, सिलिशिया अशी औषधे लक्षणांप्रमाणे सांगितली आहेत, आणि त्यांच्याच आशेने लोक माझ्याकडे येतात. म्हणून मला स्पष्ट बोलले पाहिजे. आमचे आद्यगुरू हानेमान १८४३ साली वारले. ऑग्स्टनला हा जंतू दिसला तो त्यानंतर सदतीस वर्षांनी. आमच्या ग्रंथांतली वर्णने गळवाची आहेत, जंतूची नाहीत. या गोळ्यांनी स्टॅफ मरतो किंवा त्याचा फैलाव थांबतो असे सिद्ध झालेले नाही, आणि जे सिद्ध नाही त्याच्या भरवशावर मी कोणाचा ताप अंगावर काढू देत नाही. लहान केस्तूड तर आठ-दहा दिवसांत स्वतःच फुटते, त्यामुळे नवव्या दिवशी जो डॉक्टर भेटतो त्याच्या हाताला गुण येतो! हे माझ्या पंथाच्या काही बंधूंना रुचणार नाही. पण पस्तीस वर्षे याच गल्लीत बसल्यावर शेजाऱ्यांना खरे सांगण्याची मोकळीक माणसाला मिळायला हवी.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. लहान, एकटे, ताप नसलेले केस्तूड असेल तर शेक द्या आणि वाट पाहा. पण थंडी वाजून ताप आला, लाली दर तासाला पुढे सरकते आहे असे दिसले, लाल रेघ वर चढली, गळू चेहऱ्यावर किंवा मणक्यापाशी असले, दुखणे दिसणाऱ्या सुजेपेक्षा फार जास्त असले, किंवा रोगी तान्हे बाळ, गरोदर बाई, मधुमेही, डायलिसिसवरचा अथवा कर्करोगाचे औषध घेणारा असला, तर माझ्याकडेही येऊ नका, सरळ इस्पितळ गाठा. मुलांचे एक वेगळे सांगतो. खेळताना गुडघ्याला थोडे लागले, ते विसरलेही, आणि आठवड्याने मूल तापाने फणफणले, पाय हलवू देईना, तर ती 'लचक' समजून चोळत बसू नये. जंतू रक्तातून हाडात शिरून बसलेला असू शकतो. तेथे एकेक दिवस मोलाचा असतो. मोठ्या माणसांत तो असाच हृदयाच्या पडद्यांवर जाऊन बसतो.

दुसरे उत्तर, कापण्याचे. जागा बधिर करून लहानशी चीर देणे, पू काढणे आणि पोकळी तळापासून भरत येईल असे पाहणे, बहुधा एवढेच असते, दहा-पंधरा मिनिटांचे काम. ते लांबवण्यासाठी लोक पंधरा-पंधरा दिवस गोळ्या खातात आणि शेवटी मोठी चीर घेतात. बाळंतिणीचे थान पिकले तर पुष्कळदा सोनोग्राफीत पाहून सुईनेच पू काढता येतो. घरातल्या वडीलधाऱ्या बायका अशा वेळी अंगावर पाजणे बंद करायला लावतात. त्याने दूध तुंबते आणि दुखणे वाढते. पाजता येत नसेल तर त्या बाजूचे दूध काढत राहावे. बाळाला चालणारी औषधे डॉक्टरांना ठाऊक असतात.

अँटिबायोटिक कधी लागते? ताप, पसरणारी लाली, अनेक गळवे, अशक्त रोगी, अशा वेळी लागते आणि तेव्हा ते जीव वाचवते. या औषधांची सगळी कहाणीच स्टॅफपासून सुरू होते. १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज इस्पितळात अलेक्झांडर फ्लेमिंगच्या ज्या बशीत बुरशी पडली आणि तिच्या आजूबाजूचे जंतू विरघळले, ते जंतू स्टॅफच होते. पुढे १९४१ च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलीस शिपायाला पेनिसिलिन देऊन पाहिले. स्टॅफ आणि त्याचा भाऊ स्ट्रेप यांनी त्याचा चेहरा, डोके, फुप्फुस पोखरले होते, एक डोळा काढावा लागला होता. चार-पाच दिवसांत तो बसून जेवू लागला. पण जगातले सारे पेनिसिलिन तेवढेच होते. त्याच्या लघवीतून गाळून परत काढले तरी पुरले नाही, आणि १५ मार्चला तो गेला. आपल्या देशात हे औषध मुबलक व्हावे म्हणून १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

तोवर स्टॅफ मात्र पुढे निघून गेला होता. पेनिसिलिनला न जुमानणारे स्टॅफ १९४२ सालीच आढळले होते. हे जंतू पेनिसिलिनचे रेणू कापणारी कात्रीच तयार करतात. त्या कात्रीला न जुमानणारे मेथिसिलिन १९५९-६० च्या सुमारास आले, आणि १९६१ साली इंग्लंडमध्ये त्यालाही दाद न देणारा स्टॅफ सापडला. या वेळी जंतूने कात्री सोडून कुलूपच बदलले होते. औषध ज्या प्रथिनाला चिकटते ते प्रथिनच वेगळे. त्यालाच 'एमआरएसए' म्हणतात, आणि रिपोर्टमध्ये ही चार अक्षरे दिसली की डॉक्टरांचा चेहरा गंभीर होतो. व्हॅन्कोमायसिन, लिनेझोलिड अशी राखीव औषधे मग काढावी लागतात. २००८-०९ मध्ये देशातल्या १५ मोठ्या इस्पितळांनी मिळून आपल्याकडचे स्टॅफ तपासले, तेव्हा दर पाचांतले दोन एमआरएसए निघाले. २०१९ या एका वर्षात एमआरएसएच्या औषधांना दाद न देण्यामुळे जगात एक लाखाहून जास्त माणसे दगावली, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे.

आता आपल्या शहराकडे येऊ, कारण या कथेत हैदराबाद नुसते प्रेक्षक नाही. साठच्या दशकात बालानगरला आयडीपीएल आली, तिच्यात तयार झालेल्या माणसांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले, आणि हैदराबाद औषधांची राजधानी झाले. आपल्यातल्या किती घरांची मुले त्यात नोकरीला लागली ते मी मोजायला नको. २००७ साली स्वीडनच्या योआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाटणचेरूच्या एका सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी तपासून निष्कर्ष छापले. सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी तेथे येत होते. शुद्ध करून सोडलेल्या त्या पाण्यात दर लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सॅसिन निघाले. हीच गोळी घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही औषध इतके असत नाही! ओढ्याचे पाणी नक्कावागूतून मांजरेला मिळते. आणि मांजरा कोणाची? बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरात उगवणारी, लातूरवरून बीदर-मेदककडे येणारी आपलीच नदी. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील तिच्याच काठाने या शहरात आले. ज्या पाण्यात औषध सतत थोडेथोडे असते त्यात औषधाला न जुमानणारे जंतूच टिकून राहतात आणि वाढतात. त्या पाण्यावर नियम, खटले, सुधारणा पुष्कळ झाल्या, त्या सगळ्यांत मी शिरत नाही.

पण सगळा दोष ओढ्यावर टाकून आपण सुटत नाही. स्टॅफला औषधे पचवायला शिकवणारी मुख्य शाळा माणसाचे शरीरच आहे. कोपऱ्यावरच्या मेडिकल हॉलमध्ये जाऊन "गळवाची गोळी द्या" म्हटले की तीन गोळ्या मिळतात. दोन खाल्ल्यावर बरे वाटते, तिसरी कपाटात पडते आणि पुढच्या वर्षी सुनेला दिली जाते. सिप्रो, अझिथ्रो यांतले काहीतरी हातात येते. आपल्याकडच्या स्टॅफवर ते चालेल याची खात्री नसते. गोळ्यांच्या पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही, अशी मोहीम केंद्र सरकारने २०१६ साली काढली. ती रेघ तुमच्या घरातल्या पाकिटावर आज रात्री शोधून पाहा. लाल रेघेची औषधे लिहून देण्याचा अधिकार माझ्या पदवीला नाही आणि मी लिहूनही देत नाही. ज्यांचा अधिकार आहे त्यांच्याकडे गेलात तर एक विनंती करा. पू निघत असेल तर औषध सुरू करण्याआधी तो कल्चरला पाठवा. दोन-तीन दिवसांत कोणते औषध चालेल ते कळते. जितके दिवस सांगितले तितके दिवस घ्या, कमी नको आणि आपल्या मनाने जास्तही नको. स्टेरॉइड मिसळलेली मलमे तर विचारूच नका. तीन-तीन औषधे एकत्र केलेल्या त्या ट्यूबांनी खाज दोन दिवसांत थांबते, कातडी पातळ होते आणि जंतू खाली सुखाने पसरतो.

प्रतिबंधाचे बोलायचे तर मला एक घर आठवते. काचीगुड्याच्या बाजूला वाड्यात राहणारे एकत्र कुटुंब. वर्षभर तेथे गळवांची पाळी चालू होती. आधी थोरला मुलगा, मग आई, मग धाकटा, पुन्हा थोरला. बाधा झाली म्हणून उतारेही काढून झाले होते. मी घरी गेलो, तेव्हा न्हाणीघराच्या दारामागे खिळ्याला एक पंचा लटकत होता. सकाळपासून रात्रीपर्यंत सगळे घर त्यालाच अंग पुसत होते. तो कधी पुरता वाळतच नव्हता. त्या कुटुंबाला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी घरातल्या सगळ्यांच्या नाकात पाच दिवस, दिवसातून दोनदा मुपिरोसिनचे मलम लावायला आणि क्लोरहेक्सिडिनने आंघोळ करायला सांगितले. मी माझ्याकडून प्रत्येकाला वेगळा पंचा, वेगळे ब्लेड, नखे कापणे आणि चादरी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवणे एवढे सांगितले. उन्हाची आपल्याकडे कमतरता नाही. पाळी थांबली. मात्र नाकातले मलम आपल्या मनाने वारंवार लावू नये, त्यालाही दाद न देणारे जंतू आता सापडतात.

येथे एक आडवाट घेतो. जैन डॉक्टरला एक प्रश्न हमखास विचारतात, "जंतू मारणे हिंसा नाही का?" आमच्याकडे 'जयणा' असा शब्द आहे. उठता-बसता, ठेवता-उचलता जपून वागणे. स्टॅफच्या बाबतीत नव्वद टक्के काम जयणेचेच आहे. हात धुणे, बोट नाकाबाहेर ठेवणे, जखम झाकणे. इतके केले तर औषधाची पाळी फारशी येत नाही.

पायांविषयी सांगितले पाहिजे, कारण आपल्यातले पुष्कळजण चालतात. कोणी पंढरीला, कोणी इथून ऐंशी किलोमीटरवरच्या कुलपाकजीला, तेही अनवाणी. १९२४ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, कॅल्विन कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा पायमोजे न घालता टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, त्यात स्टॅफ शिरला आणि आठवडाभरात तो मुलगा गेला. अँटिबायोटिक्स यायची होती, म्हणून राष्ट्राध्यक्षांच्या घरातही उपाय नव्हता. आज उपाय आहे, पण मधुमेह्याला पायाची संवेदना कमी असते, फोड आलेला कळतच नाही. मधुमेह्याने अनवाणी चालू नये, आणि देवाला ते चालते. रोज मुक्कामाला पोहोचल्यावर तळवे आरशात पाहावेत. फोड आला तर फोडू नये, धुऊन झाकावा.

स्टॅफची आणखी एक करामत आपल्याला लग्नकार्यात भेटते. आचाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असते, त्याच हाताने मावा मळला जातो, बासुंदी ढवळली जाते आणि पातेले रात्रभर तसेच उघड्या हवेत राहते. जंतू त्यात वाढतो आणि विष सोडतो. मीठ आणि साखर यांना इतर जंतू घाबरतात, हा फारसा घाबरत नाही. जेवणानंतर एक ते सहा तासांत पंगतीतल्या निम्म्या लोकांना उलट्या सुरू होतात. "पुन्हा उकळून वाढले होते हो," असे यजमान कळवळून सांगतात. उकळल्याने जंतू मरतो, पण त्याचे विष उकळून जात नाही. आमच्या घरी पाणी उकळून पितात आणि रात्रीचे अन्न दुसऱ्या दिवशी ठेवत नाहीत. यातला पहिला नियम येथे उपयोगाचा नाही, दुसरा फार उपयोगाचा आहे. दुधाचा गोड पदार्थ दोन तासांच्या आत एक तर वाढावा किंवा फ्रिजमध्ये जावा, आणि हाताला जखम असलेल्या आचाऱ्याला त्या दिवशी भाजी चिरायलाही बसवू नये. या उलट्या बहुधा दिवसभरात थांबतात. साखर-मिठाचे पाणी द्यावे. अँटिबायोटिक येथे निरुपयोगी, कारण भांडण जंतूशी नसून त्याच्या मागे राहिलेल्या विषाशी असते. तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस सुस्त पडले, लघवी थांबली, तर मात्र दवाखाना.

व्याख्यानानंतर जे प्रश्न आले त्यांतले दोन येथे देतो. एका काकूंनी विचारले, नातवाच्या रांजणवाडीला लवंग उगाळून लावू का? नको. पापणीला चटका बसतो आणि डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते. तळवा तळव्यावर घासून ऊब देण्याची जुनी रीत चांगली, मात्र आधी हात धुवा, आणि त्याहून बरा ओला शेक. पंधरा दिवसांत बसली नाही, किंवा सगळी पापणी सुजून डोळा उघडेना, तर नेत्रतज्ज्ञ.

दुसरा प्रश्न एका तरुणाचा होता. स्टॅफवर लस का नाही? प्रयत्न झाले, मोठ्या चाचण्या झाल्या, पण अजून एकही लस मान्य झालेली नाही. जन्मापासून हा जंतू आपल्या अंगावर येत-जात असतो, त्यामुळे शरीराला त्याची ओळख आधीच असते. तरीही तो पुन्हा पुन्हा गळवे करतो, म्हणजे नुसत्या ओळखीने भागत नाही. लस येईपर्यंत उस्मानिया दवाखान्यात किंवा कोठेही नातेवाईकाला भेटायला गेलात, तर खाटेवर बसू नका, सलाईनच्या सुईला आणि पट्टीला हात लावू नका, आणि रोग्याला हात लावण्याआधी एकदा व नंतर एकदा हात धुवा. पंधरा जणांनी एकदम जाऊ नका.